कारभाऱ्याचें दार

२०१६ सालचा डिसेंबर महिना संपत आला होता. नेदरलंड्समधील व्हिक्टर गेव्हर्स नांवाच्या एका संशोधकाचा परिपाठ असा असे कीं, इंटरनेटवर उघडे पडलेले डेटाबेस हुडकून काढावयाचे आणि त्यांच्या मालकांस सावध करावयाचें. नाताळ उलटून दोन दिवस झाले होते. अशाच एका डेटाबेसांत तो डोकावला, तों आंतील सर्व नोंदी पुसून टाकलेल्या! त्यांच्या जागीं एकच चिठ्ठी होती. माहिती परत हवी असेल तर ०.२ बिटकॉइन पाठवावे, असा तिचा आशय. त्या वेळच्या भावानें ही रक्कम सुमारें २०० डॉलर भरते. एवढ्याशा खंडणीसाठीं दरोडा कोण घालील, असें प्रथम वाटावें. परंतु जानेवारीचा दुसरा आठवडा लागेपर्यंत अशा रीतीनें रित्या झालेल्या डेटाबेसांची संख्या २७,०००च्या वर गेली, आणि मग त्या २०० डॉलरांमागचा हिशेब लक्षांत आला.

दरोडा म्हटला कीं भिंतीस भोंक, फोडलेलें कुलूप, निदान बनावट किल्ली तरी हवी. येथें त्यांतलें कांहींच नव्हतें. दरोडेखोर उजळ माथ्यानें खुद्द कारभाऱ्याच्या दारानें आंत शिरले. कारण त्या दारावर ‘कोण आहे?’ असें विचारणारें कोणी नव्हतें. हें दार उघडें कसें राहिलें, किंबहुना तें उघडें ठेवण्याची रीत कशी पडली, याचा इतिहास आज आपणांपुढें ठेवावयाचा आहे.

प्रथम डेटाबेस म्हणजे काय, तें थोडक्यांत सांगतों. जुन्या वाड्यांतील कोठीघर डोळ्यांपुढें आणावें. तेथें धान्य नीट मापून, खुणेच्या कणगींत भरून ठेवलेलें असे, आणि मागणाऱ्यास कोठावळा तें काढून देई. डेटाबेस हें माहितीचें असेंच कोठीघर आहे. बँकेंतील शिल्लक, रुग्णालयांतील भेटीच्या वेळा, मतदारांच्या याद्या, आगगाडीचीं राखून ठेवलेलीं आसनें, हीं सगळीं आज अशा कोठीघरांत असतात. आतां, शेरभर तांदूळ मागणें निराळें आणि कोठीघराचा कारभार पाहणें निराळें. कारभाऱ्यास नवी कणगी उभारतां येते, जुनी रिकामी करतां येते, कोणास आंत घ्यावें हें ठरवितां येतें आणि हवें तेव्हां कोठीघराला टाळेंहि लावतां येतें. डेटाबेसाला हे हुकूम ज्या वाटेनें पोहोंचतात, त्या वाटेला मी कारभाऱ्याचें दार म्हणतों. त्या दारावर ओळख विचारली जात नसेल, तर आंत पाऊल टाकणारा प्रत्येक मनुष्य त्या क्षणीं कारभारी होतो.

ओळख विचारण्याची ही रीत संगणकाइतकी जुनी नाहीं. आरंभींच्या काळांत एका वेळीं एकच मनुष्य यंत्रावर बसे, आणि खोलीचें कुलूप हेंच यंत्राचें कुलूप असे. १९६१ सालीं अमेरिकेंतील एम्. आय्. टी. या संस्थेंत फर्नांडो कोर्बाटो व त्याच्या सहकाऱ्यांनीं एकच यंत्र अनेकांनीं एकाच वेळीं वापरण्याची पद्धति करून दाखविली. मग प्रत्येकाचे कागद निराळे ठेवणें प्राप्त झालें, आणि त्यासाठीं प्रत्येकास एक गुप्त शब्द देण्यांत आला. पासवर्डाचा जन्म हा असा शेजारधर्मांतून झालेला आहे. त्याची फजीतीहि लवकरच झाली. १९६६ सालीं त्या यंत्रावर दोन फाइलींची अदलाबदल होऊन, यंत्र उघडतांच दिसणाऱ्या सूचनेच्या जागीं सर्वांच्या पासवर्डांची संपूर्ण यादीच येणाऱ्या-जाणाऱ्यास दिसूं लागली! कोर्बाटोनें पुढें आपल्या ट्यूरिंग पारितोषिकाच्या व्याख्यानांत ही हकीकत मोकळेपणानें सांगितली आहे. अपयश लपवून न ठेवणारे असे शास्त्रज्ञ या कथेंत पुढेंहि एकदां भेटतील.

डेटाबेसाच्या क्षेत्रांतहि या प्रश्नाचा विचार लवकरच झाला. एडगर कॉड यानें १९७० सालीं माहिती कोष्टकांच्या रूपानें मांडण्याची आपली प्रसिद्ध कल्पना जगापुढें ठेवली, आणि आय्. बी. एम्.च्या सॅन होझे येथील प्रयोगशाळेंत तिच्यावर काम सुरू झालें. तेथेंच पॅट्रिशिया ग्रिफिथ्स व ब्रॅडफर्ड वेड या दोघांनीं १९७६ सालीं एक निबंध प्रसिद्ध केला. कोणत्या कोष्टकावर कोणाचा अधिकार, तो त्यानें दुसऱ्यास द्यावा कसा, आणि दिलेला अधिकार काढून घेतल्यास त्याच्या आधारानें पुढें तिसऱ्यास मिळालेल्या अधिकाराचें काय व्हावें, याची बारकाईची चर्चा त्यांत आहे. वतनांच्या आणि इनामांच्या सनदा वाचलेल्या मनुष्यास ती परकी वाटणार नाहीं. तेव्हां पुढें जें घडलें तें अज्ञानापोटीं घडलें, असें म्हणण्यास जागा नाहीं.

आंतल्या खोल्यांचे अधिकार असे काटेकोर ठरले, पण देवडीवरच्या पहारेकऱ्याकडे कोणी पाहिलें नाहीं. ओरॅकल या प्रसिद्ध डेटाबेसाच्या दाराशीं ‘लिसनर’ नांवाचा एक स्वतंत्र प्रोग्रॅम बसलेला असतो. बाहेरून येणाऱ्याची हांक ऐकून त्याला योग्य त्या डेटाबेसापाशीं पोहोंचविणें, हें त्याचें काम. पुढें आंत शिरतांना नांव व पासवर्ड सांगावा लागे, त्यांत उणें नव्हतें. परंतु खुद्द या पहारेकऱ्याला हुकूम सोडावयाचा तर जुन्या आवृत्त्यांत कांहींच सांगावें लागत नसे. पासवर्डाची सोय होती, पण ती मालकानें आपण होऊन चालू करावयाची. आणि आपण होऊन करावयाच्या गोष्टी जगांत किती होतात, हें आपणांस ठाऊकच आहे. दूरच्या संगणकावरून कोणीहि ‘काम बंद कर’ म्हटलें कीं पहारेकरी निमूटपणें उठून जाई.

याहूनहि घातक अशी एक युक्ति होती, आणि ती जरा सविस्तर सांगतों, कारण तिची आपणांस पुन्हां गरज पडणार आहे. लिसनर आपल्या कामाची रोजनिशी लिहीत असे, आणि ती कोणत्या फाइलींत लिहावी, हेंहि त्याला बाहेरून सांगतां येई. आतां युनिक्स जातीच्या संगणकांवर त्या काळीं एक विशेष फाइल असूं शके. तींत ज्यांचीं नांवें असतील त्यांना पासवर्डावांचून प्रवेश मिळे. हल्लेखोर लिसनरला सांगे कीं, आजपासून रोजनिशी त्या फाइलींत लिहीत जा. आणि मग मुद्दाम एक चुकीची विनंती पाठवी. पहारेकरी ती विनंती इमानेंइतबारें जशीच्या तशी उतरून घेई. त्या विनंतीच्या पोटांत हल्लेखोरानें जी ओळ दडविलेली असे, ती म्हणजेच ‘यांस आंत सोडावें’ असा परवाना! पहारेकऱ्यानें स्वतःच्या हातानें, स्वतःच्या शाईनें चोराला परवाना लिहून द्यावा, तशांतली ही गत. २००३ सालीं जाहीर झालेल्या दहाव्या आवृत्तींत ओरॅकलनें हा प्रघात बदलला, आणि लिसनरचा कारभार बाहेरून, न विचारतां, करण्याची वाट मुळांतच बंद ठेवली.

मायक्रोसॉफ्टच्या डेटाबेसाची तऱ्हा थोडी वेगळी होती. तेथें कारभाऱ्याचें ‘एस्-ए’ नांवाचें खातें असे आणि त्याला पासवर्डहि असे. परंतु तो रिकामा ठेवण्यास मुभा होती, आणि असंख्य ठिकाणीं तो रिकामाच राही. या डेटाबेसाची एक लहान आवृत्ति इतर प्रोग्रॅमांबरोबर संगणकांत येऊन बसे. त्यामुळें आपल्या घरांत कोठीघर आहे, हेंच कित्येक मालकांच्या गांवीं नसे. मे २००२ मध्यें ‘स्पायडा’ नांवाचा एक किडा, म्हणजे स्वतःच्या प्रती काढीत संगणकामागून संगणक गांठणारा प्रोग्रॅम, इंटरनेटवर पसरला. त्याचें सारें कसब एवढेंच होतें कीं, १४३३ या क्रमांकाचें दार ठोठावावयाचें, कारभाऱ्याचें नांव सांगावयाचें आणि पासवर्डाच्या जागीं कांहींच लिहावयाचें नाहीं. एवढ्यावर त्याला हजारों दारें उघडलीं.

असो. येथपर्यंतचा भाग हा जुन्या पिढीचा. २००५च्या पुढें कोष्टकांची शिस्त झुगारून देणारे नवे डेटाबेस निघूं लागले, आणि खरी कथा तेथून सुरू होते.

या नव्या पिढीचे निर्माते बेफिकीर होते असें म्हणणें सोपें आहे, पण तें अन्यायाचें होईल. त्यांचा राग जुन्या डेटाबेसांच्या जडपणावर होता. जुनें कोठीघर बसवावयाचें म्हणजे आधीं जाणता मनुष्य बोलवावा, जाडजूड पुस्तिका उघडाव्या, शेंदीडशें प्रश्नांचीं उत्तरें द्यावीं. आणि मग कोठें पहिली मूठ धान्य आंत पडे. नव्यांनीं ठरविलें कीं, नवख्याला पांच मिनिटांत काम सुरू करतां आलें पाहिजे. मी स्वतः एका लहानशा ग्रंथसंग्रहाची यादी करण्यासाठीं या जातीचा एक डेटाबेस घरच्या संगणकावर बसविला होता. त्यानें मला कांहीं विचारलें नाहीं, लगेच चालूं लागला, आणि मला त्याचें कौतुकच वाटलें. विचारलें नाहीं तें मलाच नव्हे, कोणालाहि विचारीत नव्हता, हें माझ्या ध्यानीं आलें तें पुष्कळ महिन्यांनीं.

या वृत्तीचें अगदीं मनमोकळें उदाहरण म्हणजे डेमियन कॅट्झ यानें २००५ सालीं आरंभिलेला ‘काउचडीबी’. त्याच्याबरोबर ‘फ्युटन’ नांवाचें एक कारभाराचें पान येई. साध्या ब्राउझरमध्यें तें उघडावें आणि सर्व कोठीघर डोळ्यांपुढें पाहावें. जोंपर्यंत कोणी कारभारी नेमलेला नाहीं, तोंपर्यंत येणारा प्रत्येक जण कारभारी, असा त्याचा नियम होता. आणि निर्मात्यांनीं या अवस्थेस नांवच ‘ॲडमिन पार्टी’ असें दिलें होतें. कारभाऱ्यांची मेजवानी! डेटाबेस सुरू होतांच पडद्यावर ‘आतां निवांत बसा’ अशा अर्थाची ओळ येई. न्यायाच्या दृष्टीनें हेंहि सांगितलें पाहिजे कीं, ही मेजवानी प्रथमतः घरच्याघरीं असे. त्या संगणकाबाहेरच्या कोणास तिचें दार दिसत नसे. पण दुसऱ्या संगणकावरून काम करण्यासाठीं मालकानें एकदां दार बाहेर उघडलें, कीं मेजवानी रस्त्यावर येई, आणि आमंत्रण कोणास आहे व कोणास नाहीं हें पाहणारा कोणी नसे.

२००९ सालीं दोन डेटाबेस जन्मास आले. पैकीं ‘मोंगोडीबी’ न्यूयॉर्कच्या एका कंपनीनें काढला. त्याचें मुख्य दार २७०१७ या क्रमांकाचें, आणि त्याच्या वरच्या हजारांत, म्हणजे २८०१७ वर, त्याची हालहवाल दाखविणारें एक पान असे. सुरुवातीच्या आवृत्त्या संगणकाच्या सर्व पत्त्यांवर हांक ऐकावयास बसत, आणि ओळख विचारण्याची व्यवस्था आपण होऊन चालू केल्याशिवाय चालू नसे. दुसरा ‘रेडिस’. तो सिसिली बेटावरील साल्व्हातोरे सानफिलिप्पो यानें प्रथम स्वतःच्याच एका वेबसाइटच्या गरजेपोटीं लिहिला. त्याची भूमिका उघड होती आणि ती त्यानें लिहूनहि ठेविली होती: हा डेटाबेस विश्वासाच्या माणसांनीं, विश्वासाच्या आवारांत वापरावयाचा आहे; परक्याला तेथवर येऊंच देऊं नये.

नोव्हेंबर २०१५ मध्यें या सानफिलिप्पोनें एक विलक्षण गोष्ट केली. आपल्याच डेटाबेसावर हल्ला कसा करतां येतो, तें त्यानें एका लेखांत पायरीपायरीनें करून दाखविलें. रेडिस आपला सांठा अधूनमधून डिस्कवर उतरवून ठेवतो. तो कोणत्या फोल्डरांत, कोणत्या नांवानें उतरवावा, हें बाहेरून सांगतां येत होतें. दूरवरून संगणकांत शिरण्याचें जें सुरक्षित दार आहे, तेथें विश्वासू माणसांच्या किल्ल्यांची एक यादी फाइलींत लिहिलेली असते. हल्लेखोरानें आपल्या किल्लीची ओळ प्रथम डेटाबेसांत घालावी, आणि मग रेडिसला सांगावें कीं, तुझा सांठा त्या यादीच्या जागीं, त्याच नांवानें उतरव. बाकीच्या अर्थहीन ओळींकडे तें दार दुर्लक्ष करतें, आणि किल्लीची ओळ तेवढी मानून घेतें.

श्रोत्यांना ही युक्ति ओळखीची वाटली असेल. रोजनिशीच्या जागीं सांठ्याची फाइल आणि नांवांच्या यादीऐवजीं किल्ल्यांची यादी, एवढाच फरक. पंधराएक वर्षांपूर्वीं ओरॅकलच्या देवडीवर जें घडत होतें, तेंच नव्या वाड्यांत नव्या माणसांनीं पुन्हां घडूं दिलें. पहिला वाडा बंदिस्त करून झाल्यावर ती गोष्ट त्या वाड्यापुरतीच राहिली. शेजारीं दुसरा वाडा बांधणाऱ्यास ती सांगितली गेली नाहीं, किंवा सांगितली असली तर ‘आपलें घर निराळें’ असें त्यास वाटलें. सानफिलिप्पोचें मोठेपण एवढें कीं, त्यानें स्वतः उठून दिवा लावला आणि पडलेलें खिंडार सर्वांना दाखविलें.

मग विश्वासाचें आवार गेलें कोठें? त्याचें उत्तर डेटाबेसांत नाहीं, बाहेरच्या जगांत आहे. पूर्वीं डेटाबेसाचा संगणक कचेरींतल्या आंतल्या खोलींत असे आणि कचेरीभोवतीं भिंत असे. ऑगस्ट २००६ पासून ॲमेझॉन कंपनीनें संगणक तासाच्या भाड्यानें देण्यास आरंभ केला, आणि पाहतां पाहतां तो व्यवसाय जगभर फैलावला. भाड्याच्या संगणकाभोवतींहि कुंपण घालतां येई. पण तें घालणारा आतां जाणता मनुष्य नसून, बहुधा, घाईंत असलेला एकटा तरुण असे, आणि काम अडूं नये म्हणून तो कुंपणाचा दरवाजा सताड उघडून ठेवी.

दुसरी गोष्ट अशी कीं, एवढ्या अफाट जगांत आपलें एक दार कोण शोधूं येणार, हा जुना दिलासाहि याच सुमारास खोटा ठरला. इंटरनेटवरील जुन्या पद्धतीचे पत्ते एकंदर सुमारें ४२९ कोटी. २०१३ सालीं मिशिगन विद्यापीठांतील संशोधकांनीं ‘झेडमॅप’ नांवाचें साधन तयार केलें; त्याच्या योगानें एकच संगणक, एका क्रमांकाचें दार, जगांतील त्या सर्व पत्त्यांवर ४५ मिनिटांच्या आंत ठोठावून येऊं शके. मुंबईहून पुण्यास जाण्यास याहून अधिक वेळ लागतो! त्याआधीं २००९ पासूनच जॉन मॅथर्ली याचें ‘शोडान’ हें शोधयंत्र अशा उघड्या दारांची सूची करीत होतें. फेब्रुवारी २०१५ मध्यें जर्मनींतील झारलांड विद्यापीठाच्या तीन विद्यार्थ्यांनीं मोंगोडीबीचीं जवळजवळ ४०,००० उघडीं कोठीघरें मोजलीं. त्याच वर्षीं जुलैंत मॅथर्लीनें मोजदाद केली, ती ३०,००० च्या आसपास आली. त्यांतील माहिती ५९५ टेराबाइट. म्हणजे दरोड्याच्या आधीं दीड-दोन वर्षें धोक्याची घंटा वाजत होती.

एप्रिल २०१६ मध्यें क्रिस व्हिकरी या अमेरिकन संशोधकास ॲमेझॉनच्या भाड्याच्या संगणकावर मोंगोडीबीचा असाच एक उघडा डेटाबेस सांपडला. त्यांत मेक्सिको देशाच्या ९ कोटी ३४ लाख मतदारांचीं नांवें, घरचे पत्ते, जन्मतारखा व ओळखक्रमांक होते. जेथें खंडणीसाठीं माणसें पळविण्याचा धंदा चालतो, त्या देशांत घराचा पत्ता ही केवढी मौल्यवान वस्तु आहे, हें सांगावयास नको. ती यादी कायद्यानुसार एका राजकीय पक्षाला दिलेली प्रत होती. सरकारनें ती जपून दिली, पक्षानें ती घेतली, आणि कोणाच्या तरी हातून ती अशा कोठीघरांत गेली कीं ज्याला दार होतें पण द्वारपाल नव्हता. त्या सव्वानऊ कोटींहून अधिक मतदारांपैकीं एकानेंहि ‘मोंगोडीबी’ हें नांव ऐकलें असण्याचें कारण नव्हतें.

मग ती जानेवारी आली. पहिल्या टोळीचें पाहून दुसऱ्या टोळ्या धांवल्या. एकीची चिठ्ठी पुसून दुसरी आपली चिठ्ठी ठेवूं लागली, आणि खंडणी नेमकी कोणास द्यावी हेंहि मालकास कळेना. ज्यांनीं पैसे दिले त्यांतील पुष्कळांस कांहीं परत मिळालें नाहीं. कारण माहिती नेलेलीच नव्हती, नुसती पुसलेली होती. अमेरिकेंतील एका मोठ्या रुग्णसेवेच्या सुमारें ८०,००० रुग्णांच्या भेटींच्या नोंदी यांत गेल्या. मोंगोडीबीमागून इलॅस्टिकसर्च, मग काउचडीबी, असे एकामागून एक वाडे लुटले गेले.

या साऱ्यांत एक प्रकरण माझ्या मनांतून जात नाहीं. ‘क्लाउडपेट्स’ नांवाचीं मऊ खेळणीं अमेरिकेंत विकलीं जात. परगांवीं असलेल्या बापानें फोनवर दोन शब्द बोलावे, ते घरीं मुलाच्या हातांतल्या अस्वलानें बोलून दाखवावे. मुलानें अस्वलाचा पंजा दाबून उत्तर द्यावें, तें बापाच्या फोनवर ऐकूं यावें. यांतल्या ८ लाखांहून अधिक खात्यांची नोंद एका उघड्या मोंगोडीबींत होती, आणि २० लाखांहून अधिक निरोप कोठें ठेवले आहेत त्याच्या खुणाहि तींत होत्या. आवाजाच्या फाइली त्या खुणेवरून, ओळख न देतां, कोणालाहि ऐकतां येत होत्या. त्या कोठीघरांतहि खंडणीच्या चिठ्ठ्या पडून गेल्या होत्या. ट्रॉय हंट या ऑस्ट्रेलियन तज्ज्ञानें फेब्रुवारी २०१७ च्या अखेरीस हें उघडकीस आणलें. ज्यांचे आवाज गेले त्यांतल्या कित्येकांना पासवर्ड म्हणजे काय हें कळण्याचेंहि वय नव्हतें. आवाज हाच ज्याचा धंदा, त्या माझ्यासारख्याला ही गोष्ट ऐकून मायक्रोफोनसमोर क्षणभर थबकावयास होतें.

आपल्याकडेहि हें घडलें आहे. जानेवारी २०१९ मध्यें देशांतील एका फार मोठ्या बँकेचा, मुंबईंतील केंद्रांत ठेवलेला, एक सर्व्हर पासवर्डावांचून उघडा असल्याचें प्रसिद्ध झालें. फोन करून किंवा संदेश पाठवून शिल्लक विचारणाऱ्या ग्राहकांना जीं उत्तरें जात, तीं त्यांत दोन महिन्यांचीं सांठलेलीं होतीं. फोनचे क्रमांक, खात्याच्या क्रमांकांचे अंश, शिल्लक रकमा. त्या आठवड्यांतील एका सोमवारीं तेथून जवळजवळ ३० लाख संदेश गेले होते, आणि ते जातांना पाहणाऱ्यास दिसत होते.

दोष कोणाचा, हा वाद अर्थातच झाला. मोंगोडीबीच्या कंपनीनें जानेवारी २०१७ मध्येंच लेख प्रसिद्ध करून, कुलूप लावण्याची सोय आहे, तिचा वापर करावा, असें सांगितलें. तें खरें होतें. पुस्तिकेंत सर्व लिहिलेलें होतें. आणि जो पुस्तिका वाचीत नाहीं त्याचें रक्षण कोणी करावें, असा प्रश्न जाणत्यांनीं तिरस्कारानें विचारला. मला हें उत्तर पुरतें पटत नाहीं. एक मनुष्य दार लावावयास विसरला तर तो त्याचा विसराळूपणा. परंतु एकमेकांस न ओळखणारीं २७,००० माणसें, निरनिराळ्या देशांत, तेंच एक दार लावावयास विसरत असतील, तर सुताराला बोलावून विचारलें पाहिजे. प्रोग्रॅम जसा हातीं येतो तसाच तो बहुतेकांच्या घरीं राहतो. बहुतेकांच्या बाबतींत निर्णय मालकानें घेतलेलाच नसतो. तो निर्मात्यानें घेतलेला असतो आणि मालकास त्याचा पत्ताहि नसतो.

इलॅस्टिकसर्चची हकीकत या दृष्टीनें अधिकच बोलकी आहे. तेथें कोठीघर फुकट मिळे आणि कुलूप मात्र त्याच कंपनीकडून निराळें विकत घ्यावें लागे. मे २०१९ मध्यें कंपनीनें कुलूपहि फुकट केलें. आणि तें पहिल्यापासून लावलेलें मिळूं लागलें तें फेब्रुवारी २०२२ मध्यें, आठव्या आवृत्तींत.

इतरांनींहि सुतारकाम केलें. रेडिसनें आपल्या लेखानंतर सहाच महिन्यांनीं, मे २०१६ मधल्या आवृत्तींत, पासवर्ड नसेल तर परक्या संगणकाची विनंती नाकारण्याचा प्रघात पाडला. मोंगोडीबी २०१४ पासून कांहीं प्रतींत आणि २०१७ च्या अखेरीपासून सर्वच प्रतींत, मालकानें सांगितल्याखेरीज, आपल्या संगणकाबाहेरची हांक ऐकेनासा झाला; २८०१७ वरचें तें पानहि त्याच वेळीं गेलें. काउचडीबीची मेजवानी उशिरां, फेब्रुवारी २०२० मध्यें, संपली. तेव्हांपासून कारभारी नेमल्यावांचून तो सुरूच होत नाहीं. यांतल्या कोणत्याहि बदलानें नवख्याच्या त्या पांच मिनिटांचीं फार तर सहा झालीं.

मात्र नवी आवृत्ति ही नव्यानें घेणाऱ्यासाठीं असते. जीं कोठीघरें आधींच उभीं होतीं, भाड्याचा संगणक ज्यांचा मालक विसरूनहि गेला होता, त्यांचीं दारें जशीं होतीं तशींच राहिलीं. जुलै २०२० मध्यें अशा कांहीं हजार डेटाबेसांतील माहिती पुन्हां एकदां नाहींशी झाली. या वेळीं खंडणीची चिठ्ठी नव्हती, पत्ता नव्हता, मागणी नव्हती. पुसलेल्या नोंदींच्या जागीं कांहीं अक्षरांचा व आंकड्यांचा कचरा आणि त्यापुढें एकच शब्द होता, ‘म्याँव’. येणारा मात्र त्याच जुन्या क्रमांकांच्या दारांनीं आला होता: मोंगोडीबीचें २७०१७, आणि इलॅस्टिकसर्चचें ९२००.